जिन्यात अडकलेली बेशुद्ध बाई

सावली गावाजवळच्या एका राइस मिलमध्ये मी धान घेऊन गेलो, तर तिथे आगीची रंगीत तालीम चालू होती. वरच्या मजल्यावर झाडलोट करणाऱ्या एका धिप्पाड बाईने बेशुद्ध पडायचं आणि चार गड्यांनी तिला स्ट्रेचरवरून खाली आणायचं, असा प्रवेश होता.

बाईने काय भूमिका वठवली म्हणून सांगू! मान लटकलेली, हात लोंबलेले, तोंड अर्धवट उघडं. झाडीपट्टीतली नाटकं मी पुष्कळ पाहिली, पण मंचावर असं कोणी पडलेलं पाहिलं नाही.

जिन्याच्या वळणावर पोत्यांची थप्पी होती. तिथे स्ट्रेचर अडलं.

"बाई, तेवढ्या पायऱ्या चालत उतरा. झालं समजू," खालून मॅनेजर म्हणाले.

"उतर वं बाई! खांदे गेले आमचे," एक गडी कण्हला.

बाईने एकच डोळा उघडला. "बेशुद्ध माणूस चालते का, भाऊ? माही सून रोज वरतीच काम करते. उद्या ते पडली, तं तिले बी चालत उतराले सांगसान का?"

डोळा पुन्हा मिटला. मॅनेजर वर चढले आणि पहिलं पोतं त्यांनीच उचललं. थप्पी हलेपर्यंत गडी घामाघूम होऊन उभे होते आणि बाई मात्र तश्शीच लोंबत होती.

शेवटी स्ट्रेचर अंगणात टेकलं. मला राहवेना, मी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या मंग वाजवजा," बाई डोळे न उघडताच म्हणाली. "दवाखान्यात न्यायची गाडी कुठी आहे?"

मॅनेजर ड्रायव्हरला हाका मारत फाटकाकडे पळाले.