एका ओढ्यावरचे

बाबा इंग्रजीचे मास्तर. आई गेल्यावर आपटा गावातलं घर बंद करून ते पनवेलला, करंजाड्यातल्या माझ्या फ्लॅटवर राहायला आले. त्यांचं पथ्य, गोळ्या, डोळ्यांत घालायचे थेंब, सगळं माझ्याकडे. पण सकाळी चहा झाला की फोन मात्र पुण्याला, धाकटीला. रोज एक इंग्रजी शब्द घ्यायचा आणि तो कुठून आला, पूर्वी त्याचा अर्थ काय होता, ते तिला रंगवून सांगायचं. मी आत कणीक मळत ऐकायचे. तिचं खळखळून हसणं फोनबाहेर यायचं आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एके दिवशी शब्द निघाला ‘रायव्हल’.

“मूळ लॅटिन गं,” बाबा सांगत होते. “रिव्हस म्हणजे ओढा. एकाच ओढ्याचं पाणी घेणारे शेजारी, ते रायव्हल. पाणी एकच, म्हणजे भांडण आलंच. पुढे शब्दातून ओढा आटला, भांडण तेवढं राहिलं.”

मला गावच्या पाताळगंगा नदीचा काठ आठवला. बाबा धाकटीला खांद्यावर घेऊन पाण्यात उतरायचे. मी मोठी, शहाणी. म्हणून काठावर कपडे सांभाळत बसायचे.

दिवाळीला धाकटी आली. भांडी पुसता पुसता मी बोलूनच गेले, “तुझी मजा आहे बाई. सगळे शब्द तुलाच.”

तिचा हात थांबला. “ताई, तेवढंच तर मिळतं मला. तब्येत विचारली की म्हणतात, ते तुझ्या ताईला विचार. त्यांना खोकला झालाय, हेसुद्धा मला तुझ्याकडून कळतं. किती जळते मी तुझ्यावर, माहितीये?”

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फारच बरं वाटलं. पण तेवढ्यानं भागलं नाही.

ती परत गेल्यावर दुसऱ्या दिवशी बाबांनी फोन हातात घेतला, तशी मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली.

“आजचा शब्द आधी मला सांगा.”

ते बघतच राहिले. “तुला आवडतं हे? कधी विचारलं नाहीस.”

“तुम्ही कधी सांगितलं नाहीत.”

त्यांनी फोन टेबलावर उपडा ठेवला. त्या दिवशी ‘विंडो’ होता. उत्तर युरोपातल्या कुठल्याशा जुन्या भाषेत वाऱ्याचा डोळा. बाबा सांगत सुटले. मधेच फोन वाजला, धाकटीचाच.

मी त्यांना उचलू दिला नाही.