चुन्याच्या हौदातला आवाज

भूत, पिशाच्च, चकवा... यातलं काही म्हणजे काही मी मानत नाही. मी रसायनशास्त्राची बाई; डोळ्यांना दिसलं तरी आधी उपकरण बिघडलंय का ते बघणारी. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली. हसायचं तर खुशाल हसा, पण पूर्ण वाचून मग हसा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही मूळचे साताऱ्याचे, नवरा फौजेत, पोस्टिंग जयपूरला. मला झालाना भागातल्या एका छोट्या संशोधन केंद्रात नोकरी मिळाली. काम काय, तर बॉयलरच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड चुन्याच्या पाण्यात शोषून घ्यायचा आणि जी पांढरी भुकटी होईल तिच्या विटा पाडायच्या. मतलब, धूर विटेत कोंडायचा! ऑफिसात सगळे चिडवायचे – "मैडमजी सरकार को चूना लगा रही हैं!" आमचे प्रमुख माथुरजी तेवढे हसायचे नाहीत. "एक साल दीजिए," म्हणायचे, "ईंट हाथ में रख दूँगा."

वर्षभर आम्ही नुसते इरेला पेटलो होतो. उन्हाळ्यात नळ्यांत चुना घट्ट बसायचा, त्या कापून काढायच्या. पावसाळ्यात विटा हातातच फुटायच्या. दिवाळीनंतर एके दिवशी मात्र वायू चुन्यात चांगला अडकायला लागला, आणि त्या दिवशी मी घरी शिरा केला.

यंत्राच्या खाली एक खोल हौद होता. तो उपसून झाला की काठावरच्या इंटरकॉमवरून कोणीतरी कंट्रोल रूमला सांगायचं – "खाली". हिंदीतलं खाली, म्हणजे रिकामा. ते ऐकलं की आमचे मेकॅनिक रामअवतारजी व्हॉल्व्ह उघडून त्यात चुन्याचं पाणी सोडायचे.

हिवाळ्यातली भर दुपार. माथुरजी जेवायला घरी गेलेत असं आम्ही धरून चाललो होतो. मी आणि रामअवतारजी समोरासमोर बसून डबा खात होतो. माझ्या तोंडात घास होता. इंटरकॉम खरखरला आणि एका बाईचा आवाज आला –

"खाली... अगं, खाली!"

"लो, हौद खाली हो गया," म्हणत रामअवतारजी व्हॉल्व्हकडे निघाले.

अगं? त्या अख्ख्या केंद्रात मराठी बोलणारी मी एकटी. बाईसुद्धा मी एकटीच! "रुकिए भैया! हाथ मत लगाना!" असं ओरडून मी पळत सुटले.

काठावर कोणी नव्हतं. हौदाच्या तळाशी माथुरजी निपचित पडले होते. तुंबलेली नळी सोडवायला ते एकटेच उतरले होते आणि कुठूनतरी गळलेला वायू खाली साचला होता. त्याला ना रंग, ना वास. मी ब्लोअरची नळी आत सोडली, रामअवतारजी कमरेला दोर बांधून उतरले, आणि ओरडा ऐकून धावत आलेल्या लोकांनी आणि मी मिळून दोघांना वर ओढलं. ते खोकले तेव्हा मी तिथेच फरशीवर बसून रडले. व्हॉल्व्ह उघडला असता तर...

वरून हुकूम आला – काम बंद करा. माथुरजी हॉस्पिटलच्या खाटेवरून म्हणाले, "बंद तो नहीं होगा." नाहीच झालं. पेटता दिवा आत सोडून तो विझत नाही ना हे बघितल्याशिवाय हौदात पाऊल टाकायचं नाही, असा नियम मी केला आणि आम्ही पुन्हा भिडलो. होळीच्या सुमारास माथुरजींनी न फुटणारी पहिली वीट खरंच माझ्या हातात ठेवली.

आवाजाचं म्हणाल तर मी इंटरकॉम उघडून पाहिला, वायर तपासली. सगळं ठीक. माथुरजी तर बेशुद्धच होते.

मग पाहुण्यांसाठी आमच्या कामाची कॅसेट करायचं ठरलं. माहिती मी सांगितली. रेकॉर्डिंग झाल्यावर टेप लावली. तोवर मी स्वतःचा आवाज असा बाहेरून कधी ऐकलाच नव्हता. इंटरकॉमवरच्या बाईचा आवाज हाच होता.

मी रामअवतारजींकडे पाहिलं. त्यांनी हळूच टेप बंद केली.

"मैं तो उसी दिन पहचान गया था, मैडम," ते म्हणाले. "पर आप तो मेरे सामने बैठी रोटी खा रही थीं... किससे कहता?"

मीही आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.