मंडपावरून न दिसलेली मैया

हा अनुभव सांगण्याआधी एक कबुली द्यायला हवी. मी माझ्या अंथरुणाला खिळलेल्या वडिलांशी खोटं बोलले होते, आणि तेही नर्मदामैयाच्या नावाने.

मला अरुंद, बंद जागेची भीती वाटते. न्हाणीघराची कडी मी आजही आतून लावत नाही. देवासहून लग्न होऊन धारला आले, तर ह्यांना जुने किल्ले, मनोरे, बुरूज चढायची भारी हौस. चितोडच्या विजयस्तंभात मी पहिल्याच वळणावरून परत फिरले. पुढे तर सवयच झाली. हे वर जायचे आणि मी खाली पिशव्या सांभाळत बसायचे. वरून ते हात हलवायचे, मीही हलवायचे. पण वर पोचलेल्या माणसांना काय दिसत असेल, या विचाराने जीव तुटायचा.

बाबा साताऱ्याकडून कारखान्यातल्या नोकरीसाठी देवासला आले आणि तिथलेच झाले. निवृत्तीनंतर पायी नर्मदा परिक्रमा करायची, हे त्यांनी कधीचंच ठरवलं होतं. निवृत्तीला चार महिने उरले असताना त्यांची डावी बाजू गेली. मग आई रोज अंग पुसून द्यायची तेव्हा ते अडखळत ‘नर्मदे हर’ म्हणायचे, तेवढीच त्यांची परिक्रमा. एकदा मला म्हणाले, “पोरी, मांडूच्या रूपमती मंडपावरून मैया दिसते म्हणतात. तुला धारहून जवळ आहे. बघून ये आणि मला सांग, कशी दिसते ते.”

मी गेले. पण आतल्या जिन्याच्या तोंडाशीच छाती आवळून आली, दोन्हीकडच्या भिंती अंगावर येताहेत असं वाटलं, आणि मी मागे फिरले. रविवारी देवासला गेले तर बाबा दाराकडे डोळे लावून पडलेले. “दिसली?” त्यांनी विचारलं. त्यांचा तो चेहरा बघून मी म्हणून गेले, “दिसली, बाबा. चांदीच्या तारेसारखी.” त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यानंतर जो कोणी भेटायला येई त्याला ते सांगत, “माझ्या मुलीने मैया पाहिली.” मी तेव्हा उठून स्वयंपाकघरात जायचे.

ते खोटं मी पाच वर्षं वागवलं. खरं करून टाकावं म्हणून आणखी दोनदा मांडूला गेले आणि दोन्ही वेळा जिन्यापासूनच परतले. देवापुढे बसलं तरी मन लागेना. मैयाला म्हणायचे, एकदा वर ने, मग काही मागणार नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. थंडीतल्या एका सकाळी मी एकटीच धारहून बसने निघाले. पुन्हा तोच जिना, पुन्हा तेच. पहिल्या पायरीशी उभी राहून मी घामाने भिजले होते. तेवढ्यात मागून कुणीतरी माझा दंड धरला. एक म्हातारी होती, लुगडं नेसलेली, दोन्ही डोळ्यांत पांढुरकं साकळलेलं. “बेटी, म्हके ऊपर ली चल. आंख से सूझे नी.” तिची सून तान्ह्या मुलाला घेऊन खाली झाडाशी बसली होती, ती वर यायला तयार नव्हती. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण म्हातारीने पाऊल टाकलंही होतं. तिला पडू कसं द्यायचं? मी चढू लागले. “माई, ये सीढ़ी ऊँची है. इधर दीवार पकड़ो.” तिची पावलं सांभाळता सांभाळता मी बरीच वर आले आणि मग वरून उतरणारी माणसं आली. आम्हाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं. माझा श्वास अडकला.

“कई हुयो?”

“माई, मुझे डर लगता है. दम घुटता है.”

“तो रुक जा. म्हूं भी रुकूं. सांस आवे जद चालांगा.”

आजवर सगळ्यांनी मला ‘त्यात घाबरण्यासारखं काय आहे?’ असंच विचारलं होतं. माझ्यासाठी कुणी थांबलं नव्हतं. ती माझा हात हातात घेऊन स्वस्थ उभी राहिली. किती वेळ गेला कोण जाणे, पण श्वास आला आणि आम्ही चाललो.

वर उजेड होता, वारा होता आणि खाली सगळी दरी धुक्याने भरलेली होती. नदीचं नाव नव्हतं.

“दिखे कई?” म्हातारीने आतुर होऊन विचारलं.

ती चांदीची तार माझ्या जिभेवर आली होती. आंधळ्या बाईला काय कळणार होतं? पण या वेळी ते बोलवेना. “नहीं दिख रही, माई. बहुत धुंध है.”

“नी दिखे तो नी दिखे. वां तो हे.” दिसो न दिसो, मैया तिथे आहेच, एवढंच तिचं म्हणणं. मग म्हणाली, “म्हारो मूंडो उणी बाजू फेर दे.”

मी तिचे खांदे धरून तिला दक्षिणेकडे वळवलं. तिने हात जोडले. निसरपूरच्या बाजूला, काठावर तिचं गाव होतं. धरणाच्या पाण्यात ते गेलं आणि आता ती इकडे धारच्या बाजूला, तिरल्याजवळ मुलाकडे राहत होती. मला वाटलं, आता ती रडेल. ती एवढंच म्हणाली, “म्हारो घर भी उणी के पास हे.” मीही हात जोडले. ज्या मैयाने तिचं घर नेलं तिच्यासाठी ही आंधळी बाई जिना चढून आली होती, आणि मी मात्र दर्शन झालंच पाहिजे म्हणून अडून बसले होते. माझ्या हातात चढणं होतं, धुकं बाजूला करणं नव्हतं. खाली उतरल्यावर सून तिला घेऊन गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

मी तशीच देवासची बस धरली आणि बाबांना सगळं सांगितलं, पहिल्या खोट्यासकट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हणजे मैया बघायची राहिली आहे अजून. तुझीही, माझीही.” थोड्या वेळाने त्यांनी मला खाट फिरवायला सांगितली, दक्षिणेला, मैयाकडे तोंड होईल अशी. आई घाबरली. “अहो, उत्तरेला डोकं करून निजतात का?” बाबा म्हणाले, “असू दे. तिकडे ती आहे.” मी आणि आईने मिळून खाट फिरवली. बाबांनी चालणारा उजवा हात उचलून कपाळाशी नेला आणि समोरच्या बंद भिंतीकडे, साक्षात पाणी वाहत असावं तसे ते बघत राहिले.