फोटो मी काढला होता

मीडियम फॉरमॅट कॅमेरा म्हणजे काय, असं कोणी विचारलं की मी एवढंच सांगते: साध्या कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणारा जो तुकडा असतो, तो यात चांगला मोठा असतो, आणि किंमत त्याहून मोठी. चेहऱ्याचा फोटो काढलात तर भुवईचा केस न् केस मोजून घ्या. लग्नाआधी पुण्यात मी सराफांच्या कॅटलॉगसाठी दागिन्यांचे फोटो काढायचे. तेव्हा आम्ही असला कॅमेरा भाड्याने आणायचो आणि संध्याकाळच्या आत परत करायचो. परत देताना अगदी जिवावर यायचं. आपला स्वतःचा असावा, हे खूळ तेव्हापासून डोक्यात बसलं.

सिंगापूरला आलो ते नवऱ्याच्या नोकरीमुळे. तो तुआस भागातल्या एका कारखान्यात इंजिनिअर, मी डिपेंडंट पासवर, म्हणजे स्वतः कमवायची सोय नाही. पासिर रिसच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मी पोरगी वाढवली, डबे भरले, आणि शेवटी एकदा मनावर घेतलंच. पुण्यातली सगळी शिल्लक काढली, आईने दिलेल्या पाटल्या मोडल्या. तर म्हणे ही किंमत नुसत्या कॅमेऱ्याची, लेन्सचे पैसे वेगळे! शिवाय इथल्या दमट हवेत लेन्सला बुरशी लागते, म्हणून हवा कोरडी ठेवणारं कपाटही घेणं आलं. माझी आई फोनवर किंचाळली, "अगं, तेवढ्यात इथे चारचाकी आली असती!" नवरा हसून म्हणाला, "इथे तेवढ्यात चारचाकीचं नुसतं परमिटसुद्धा येत नाही, आई." माझी बाजू घेतली म्हणून मला त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं.

पैसे मी आधीच त्याच्या खात्यात भरले होते, त्याच्याच कार्डावर खरेदी झाली, बिलही त्याच्या नावाचं. घरी आल्यावर मी कुकर लावत होते आणि तो टेबलाशी बसून कॅमेऱ्यात तारीख, वेळ, काय काय भरत होता. नवरा-बायकोत कसलं आलंय तुझं-माझं, असं मला वाटायचं. कप्पाळ माझं!

पुढच्या वर्षी सासूबाई मुक्कामाला आल्या. फोटो म्हटलं की त्यांचं डोकं फिरतं. नवरा मोबाइल पुढे करायचा आणि त्या "चल, हो बाजूला" म्हणून हाकलून द्यायच्या. मी मागे लागले नाही. रोज सकाळी खिडकीजवळ कॅमेरा स्टँडवर लावून ठेवायचे आणि आम्ही दोघी तिथेच भाजी निवडायला बसायचो. हळूहळू त्यांना त्याची सवय झाली. एकदा त्या न्हाऊन आल्या, पांढरे केस मोकळे, कपाळाला टिकलीही नाही, आणि खिडकीशी बसत म्हणाल्या, "काढ आता. पण तूच हं. त्याच्यासमोर नाही बसायची मी अशी." नवरा तेव्हा तुआसला, कामावर. घरात आम्ही दोघीच.

तो फोटो पाहून माझेच डोळे भरून आले. इतकी वर्षं घरात बसल्यावर बाईला स्वतःचीच शंका यायला लागते, आपल्याला खरंच काही येत होतं का म्हणून. त्या एका फोटोने मला सांगितलं, येत होतं. अजून येतंय.

दिवाळीआधी सासूबाई पुण्याला परतल्या. दिवाळीत आमच्या ओळखीतली मराठी कुटुंबं मरीन परेडच्या एका कॉन्डोच्या, म्हणजे खासगी सोसायटीच्या, हॉलमध्ये जमली होती. फराळ, गाणी, आणि या वेळी फोटोंची स्पर्धा. मी काही पाठवलं नव्हतं, तो फोटो चारचौघांत मांडायचा धीरच होत नव्हता. हॉलमध्ये शिरले तर समोर सासूबाई! भिंतभर मोठ्या. आणि खाली छायाचित्रकार म्हणून माझ्या नवऱ्याचं नाव.

मला वाटलं, छापणाऱ्यांची चूक. नवऱ्याकडे पाहिलं, तर तो चकलीची ताटली न्याहाळत होता. तेवढ्यात पहिलं बक्षीस त्यालाच जाहीर झालं. बायका डोळे पुसत म्हणाल्या, आईचा असा फोटो मुलानेच काढावा. आता तरी हा खरं सांगेल म्हणून मी वाट बघतेय, तर यांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "आईचा फोटो काढताना माझा हात जरा थरथरला."

हात थरथरला म्हणे! अरे, कॅमेरा स्टँडवर होता!

लेक माझी ओढणी ओढत तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, जस्ट टेल देम लाह!" मी म्हटलं, थांब, आजीच सांगेल. कारण कुणीतरी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला होता आणि मोठ्या पडद्यावर सासूबाई दिसत होत्या. फोटो काढला त्या दिवशी कॅमेऱ्यामागे कोण होतं, हे जगात त्यांच्याइतकं पक्कं कुणाला माहीत? त्यांनी भिंतीवरचा फोटो पाहिला. मग मला पाहिलं, अगदी नीट पाहिलं. आणि म्हणाल्या, "माझ्या लेकाच्या हाताला पहिल्यापासूनच गुण आहे."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. त्याची लाज मला आजही वाटते.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "मी फोटो फक्त स्पर्धेला पाठवला. नाव मी नाही घातलं, फाईलमध्येच होतं." कॅमेऱ्याचं सेटिंग उघडून पाहिलं. खरंच होतं. पहिल्याच संध्याकाळी, तारीख-वेळेबरोबर, फोटो काढणाऱ्याचं नाव म्हणून त्याने स्वतःचं घातलं होतं. म्हणजे आजवरच्या माझ्या प्रत्येक फोटोच्या फाईलमध्ये आपोआप हाच बसलेला. आयत्या बिळावर नागोबा!

"आणि हात थरथरला, तेही फाईलमध्ये होतं का?" मी विचारलं.

"अगं, माइक दिल्यावर काहीतरी बोलायला नको? आणि एवढं काय त्यात, घरातलंच आहे ना सगळं."

दिवाळी सरली आणि एका दुपारी सासूबाईंचा फोन आला. आवाजात साखर. "अगं, पुढच्या खेपेला येईन ना, तेव्हा माझा एक फोटो काढून ठेव. नऊवारीतला. मी गेल्यावर भिंतीवर लावायला. आणि तूच काढ हो. त्याला काय कळतंय त्यातलं? साधा मोबाइल तिरका धरतो मेला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आई, मग हे त्या दिवशी सगळ्यांसमोर का नाही बोललात?"

त्या म्हणाल्या, "चारचौघांत त्याला मान खाली घालायला लावू? मुलगा आहे तो माझा." मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "तुझं काय गं, तू समजूतदार आहेस. काढशील ना?"

सासूबाईंचा फोन त्यांच्याआधी मी ठेवला, असं लग्नानंतर पहिल्यांदाच झालं.