कन्नडच्या शेतात पुरलेलं बनियन

“माती नाही म्हणाली की आम्ही थांबतो,” लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलेली माझी मावसबहीण शोभा म्हणाली होती. नव्या नवरीचा तोरा, असं समजून मी हसले होते. यंदा दिवाळीनंतर तिचा फोन आला, “आमच्या ह्यांचं बनियन उकरायचंय, ये.” एवढं ऐकल्यावर कोण घरी बसेल?

छत्रपती संभाजीनगरहून कन्नडची एसटी सकाळी लवकर धरा, बायकांना अर्धं तिकीट. दौलताबादपाशी सीताफळांच्या टोपल्या दिसतात, खुलताबादचा चढ लागला की हवा बदलते. कन्नडहून गावाकडची जीप भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून सोबत शेंगदाणे ठेवा.

शोभा आणि दाजींनी तीन वर्षं शेत नांगरलेलं नाही. पीक कापायचं, मुळं मातीतच कुजू द्यायची. पण खालच्या तुकड्यात पिकाचा उतारा घटला. दाजी वैतागले, हरभऱ्याआधी तिथे ट्रॅक्टर घालू म्हणाले. शोभा नको म्हणाली. मग दोघांनी पोळ्याच्या सुमारास दोन जुनी सुती बनियनं पुरली, एक वरच्या तुकड्यात, एक खालच्या. मातीतल्या जिवांनी कापड खाल्लं तर माती जिवंत, ट्रॅक्टर नको. नाही खाल्लं तर दाजींचं खरं. असा ठराव.

वरच्या तुकड्यात शोभानं खुरप्यानं उकरलं, तर हाती आला नुसता शिवणीचा दोरा आणि त्यात गुरफटलेलं एक गांडूळ.

“बघा, पचलं तुमचं बनियन!”

“मला घालायचं होतं की अजून.”

“लई भोकं होती त्याला.”

“ती वाऱ्यासाठी व्हती!”

आम्ही हसत खाली गेलो. तिथलं बनियन मात्र सबंध निघालं. मळलेलं, ओलं, पण सबंध. दाजी माझ्याकडे वळले. “घ्या ताई. बोलली माती. आणतो ट्रॅक्टर.”

“असं कुठं बोलली?” शोभा म्हणाली. “आजारी माणसाला उठवून पळवतात का? निजू द्या तिला अजून.”

“तीन वर्षं निजलीच की!”

ते बनियन हातात धरून मी मध्ये उभी होते. उत्तर एकच, ऐकणारे दोन. शेवटी शोभाच म्हणाली, “ठराव म्हंजे ठराव. आणा.” जेवताना भाजलेल्या धान्या-डाळींच्या येसराची आमटी, बाजरीची भाकरी, ठेचा असा बेत होता. पहिली भाकरी तिनं दाजींनाच वाढली, पण त्यांच्याकडे बघितलं नाही.

घरी येऊन दोन दिवस झाले, नखांतली काळी माती अजून निघाली नाही. निसर्गाचं ऐकणारी माणसं निवांत असतील, असं मला वाटायचं. ती तर विचारतात, भांडतात आणि हरल्यावर शब्द पाळतात.

दाजी, शोभा तुम्हाला हे वाचून दाखवेलच. ट्रॅक्टर परवा येणार आहे. खालच्या तुकड्यात बांधालगतचा एक पट्टा तेवढा न नांगरता सोडाल का? ठराव तुमच्या बाजूनं आहे आणि तुम्ही नाही म्हणणार, हे मला माहीत आहे. तरी सोडा.