उरलेले दोन विश्वे

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, त्याला वाटतं, मी भाषणात मसाल्यांविषयी बोलते.

माझा मसाल्याचा धंदा बरा चालतो, म्हणून नाशिकमधले बचत गट मला सत्काराला बोलावतात. शाल, नारळ आणि मग खडतर बालपण — हे ठरलेलंच. पहिल्या सत्कारात माझ्याआधी बोललेल्या बाई खडी फोडत मोठ्या झालेल्या. अख्खं सभागृह डोळे पुसत होतं. त्यानंतर मी काय सांगणार होते — गल्लीतला पहिला फ्रीज आमचा होता?

म्हणाले, "आमच्या घरी अठराविश्वे दारिद्र्य होतं."

अर्थ माहीत नव्हता असं नाही. विश्वा म्हणजे विसावा हिस्सा. विसातले अठरा हिस्से दारिद्र्य, म्हणजे घरात जवळजवळ काहीच नाही. आणि आमच्याकडे काय नव्हतं? माझ्या वडिलांचं, आप्पांचं, देवळाली कॅम्पात टेलरिंगचं दुकान. फौजी साहेब गणवेशासाठी त्यांच्याकडेच यायचे. दर रविवारी मटण. पण टाळ्या पडल्या — आणि टाळ्या कुणाला नको असतात? पुढच्या सत्काराला मी रॉकेलची चिमणी आणली. त्याच्या पुढच्या वेळी चिमणीतलं रॉकेलही संपवलं.

कुणीतरी व्हिडिओ आप्पांना पाठवला. त्यांचा फोन आला. "काय गं, उरलेल्या दोन विश्व्यांत आपला फ्रीज बसला का?"

मी हसले. तेही हसले — जरा उशिरा. लेकरांना काही कमी पडू दिलं नाही, एवढी एकच बढाई या माणसाने आयुष्यभर मारली होती.

मागच्या सत्काराला आयोजकांनी मला न विचारता त्यांनाही बोलावलं. माझं पितळ उघडं पडणार, हे मी धरूनच चालले. आप्पा कडक इस्त्रीच्या सफारीशिवाय कोपऱ्यावर दूध आणायलाही जात नाहीत.

आले ते विटक्या सदऱ्यात. खांद्याला ठिगळ. ठिगळाचे टाके मात्र एका रेषेत, साहेबाच्या गणवेशाला शोभतील असे.

"हे काय, आप्पा?" मी कुजबुजले.

"सफारीत आलो असतो तर तू तोंडावर पडली असतीस. बोल तू."

आयोजकांनी त्यांना एक ब्लँकेट दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि पहिल्या रांगेत मांडीवर ठेवून बसले. मग माईक माझ्या हातात आला. खरं सांगायला किती वेळ लागला असता — एक वाक्य?

मी म्हणाले, "आमच्या घरी अठराविश्वे दारिद्र्य होतं."

पहिली टाळी आप्पांनी वाजवली.