नळीतली हळद
शिवारात हळद शिजायला लागली, की त्या वाफेच्या वासानं माझं तोंड कडू होतं. मालकांना पार्किन्सन झाला होता. हात थरथरायचे, घास गिळवत नव्हता. पुण्यात त्याच रोगावर संशोधन करणारी नात सुट्टीला आली आणि म्हणाली, "आजी, मेंदूत प्रथिनांच्या गुठळ्या होतात. काचेच्या नळीत हळदीचा अर्क घातला, की त्या कमी होतात." झालं! दरसाल सांगलीच्या बाजारात पोत्यांनी हळद घालणारी मी, साठीतली तरणी, अक्कल उतू चाललेली. पुढचं ऐकतेय कशाला? सकाळ-संध्याकाळ दुधात चमचे भरभरून हळद सुरू. "अगं, मेंदू हाय माझा, लोणचं न्हवं," मालक ठसकत म्हणायचे. "आवं, गुमान प्या!" शेवटी नात रडकुंडीला आली, "आजी, नळीत होतं ते माणसात होत नाही गं अजून!" "मग एवढी शिकलीस कशाला?" मी खेकसले. मालकांनी पिवळी मिशी पुसली, तिच्याकडे बघून हसले आणि उरलेलं दूध मुकाट पिऊन टाकलं. पुढच्या हळदीला ते नव्हते. परवा, इतक्या वर्षांनी, नातीचा फोन आला, "आजी, नव्या औषधानं उंदरांमधल्या गुठळ्या कमी झाल्या!" म्हटलं, "उंदरांचं नशीब चांगलं, बाई. आमच्या घरात माणूस होता."